कॅरीचे आठ अर्थ

डोमाजी : नाही मास्तर, सहाच. तुम्ही मले 'कॅरी'चे सहाच अर्थ सांगतले होते. माह्या पोरीच्या वहीत आठ हाय. हे पाहा, आकडे टाकून लेहले हाय तिनं.

मास्तर : असतील, डोमाजी. इंग्रजी क्रियापद म्हणजे वडाचं झाड. एक पारंबी धरली की दुसरी लोंबतेच. सगळे अर्थ एका बैठकीत कोण सांगतो?

डोमाजी : त्या दिवशी तं तुम्ही दोन घंटे सांगत होते. रोज अर्ध्या घंट्यात म्हणता, 'चाला आता, मले वावरात जा लागते.' त्या दिवशी उठूच देत नव्हते मले.

विमलताई : चहा घ्या, डोमाजी.

डोमाजी : ठेवा बाई. हा कप कोणाचा?

विमलताई : काय झालं कपाले?

डोमाजी : माहा कप कोनाड्यात राह्यते, कान तुटलेला. हा तं घरातला, फुलाचा.

विमलताई : तो फुटला.

डोमाजी : नाही फुटला. मले इथून दिसून राह्यला.

विमलताई : असू द्या न मंग. यातून प्या.

मास्तर : वही कशी आली तुमच्याकडे?

डोमाजी : जवाई घेऊन आला, देवराव. पंचफुलाची पेटी, दोन लुगडी, आरसा, ही वही, न् तुम्ही तिच्या लग्नात देलती ती बिनपुठ्ठ्याची डिक्सनरी. महिना झाला पोरीले जाऊन, सामान आज वापस आलं. सामान पाह्यलं का माणूस पुन्हा एकडाव मरते, मास्तर.

विमलताई : तान्ही कशी हाय?

डोमाजी : शेळीच्या दुधावर हाय. कांताबाई पाजते, देवरावची माय. कापसाचा बोळा भिजवते न् थेंब थेंब तोंडात सोडते. दिवसरात हेच काम तिले. आता तिघंही वस्तीत निंबाखाली बसून हाय. दोन घंटे झाले. कोणी त्यायले पाणी पुसलं नाही.

विमलताई : पाणीही नाही?

डोमाजी : मीच सांगतलं, पुसू नका म्हणून. आज तीन वाजता वस्तीच्या मंडळाची बैठक हाय. मी उभा राहून सांगणार, का माही पोरगी चार दिवस तापात फणफणत होती, अन् या माणसानं मले खबर देली नाही. सोयरिक तोडा. कोणी त्याच्या घरी जेवू नये, कोणी त्याले पोरगी देऊ नये. माहा शब्द मंडळ मोडत नाही. वस्तीतल्या म्हाताऱ्यायले अक्षरं मी शिकवतो, मान हाय तितला.

विमलताई : अन् नातीण?

डोमाजी : सोयरिक तुटली का नातीणही तुटली. बापाचं लेकरू ते. मले काय समजत नाही? पण बाई, रागाले दुसरी जागाच नाही माह्यापाशी.

मास्तर : देवराव काय म्हणतो?

डोमाजी : पोरगी गेली तवापासून हेच म्हणते, कार्ड टाकलं होतं.

मास्तर : विमल, आत दूध उतू जाईल.

विमलताई : दूध कवाचं उतरवलं मी.

डोमाजी : मी म्हणलं, देवराव, झूट नको बोलू. टपालाची थैली शाळेत येते. पुंडलिकराव मास्तर स्वतः नावं पुकारतात. त्यायच्या हातून एक चिठ्ठी इकडची तिकडं होत नाही. कार्ड आलं असतं तं मले भेटलं असतं. आर्णीले जाऊन टपालवाल्यालेही पुसून आलो. तो म्हणे, तुमच्या गावचं सारं टपाल शाळेत जाते. मंग संपलंच न?

मास्तर : वाचू आपण. वही द्या इकडे.

डोमाजी : हो, त्याच्याचसाठी आलो. बैठकीच्या आंधी वाचून द्या. मराठी मी वाचतो, पण मधात मधात तिनं इंग्रजी घुसवली हाय. आमची शर्यत तशीच होती. ती म्हणे, 'बा, महिन्याले एक शब्द तू शीक, तोच मी शिकतो. माहेरी आली का तू मले पुसजो, मी तुले पुसतो.' 'ए'चा 'आस्क' झाला, 'बी'चा 'ब्रिंग' झाला. दोन्ही डाव तिनंच हरवलं मले. 'कॅरी'त मी तिले हरवणार होतो.

मास्तर : पहिला अर्थ आहे, ओझं वाहणे. तिचं वाक्य : 'माय कापसाचा गठ्ठा डोक्यावर कॅरी करे.'

डोमाजी : हा तुम्ही सांगतलता.

मास्तर : दुसरा. बेरजेतला हातचा. नऊ आणि सात सोळा, सहा लिहिले, एक कॅरी. 'बा हातचा धरायले विसरते, मंग उत्तर चुकलं म्हणून पाटीवर रागवते.'

डोमाजी : पाहा कशी चिडवते! आता पाटीवर रागवून सुटका नाही. पुढं?

मास्तर : तिसरा. निरोप नेणे. 'माह्या बापानं बावीस वर्षं मौतीचा सांगावा कॅरी केला. आता करत नाही.'

डोमाजी : 'आता करत नाही' याच्याखाली रेघ मारली हाय न तिनं? नागपूरहून दीक्षा घेऊन आलो त्या दिवशी घुंगराची काठी चुलीत घातली मी. तीच फुंकणी घेऊन बसली होती चुलीपुढं. म्हणे, 'बा, घुंगरं नाही जळत.' मी म्हणलं, घुंगरं विहिरीत टाक. एक एक करून टाकली तिनं, आवाज ऐकत.

मास्तर : चौथा आहे 'कॅरी आउट', म्हणजे सांगितलेलं काम पार पाडणे. पाचवा 'कॅरी ऑन', हाती घेतलेलं चालू ठेवणे. 'बा, कोणी हसलं तरी शिकणं कॅरी ऑन ठेवजो.' सहावी म्हण आहे. इंग्रजांच्या मुलखात एका गावी कोळशाच्या खाणीच खाणी. तिथं कोळसा घेऊन जाणं म्हणजे नसती उठाठेव.

डोमाजी : हे सांगतलं तवा मी लय हासलो होतो. मी म्हणलं, म्हणजे कापसाची बंडी भरून आर्णीच्या बाजारात न्यायची, न् कापूसवाल्यालेच पुसायचं, 'घेता का वाती वळाले?' तुम्ही मात्र हासले नव्हते, मास्तर. तुमच्या डोळ्याले पाणी आलतं. मले वाटलं, हासून हासून आलं.

मास्तर : सहा झाले. पुरे आता. बैठकीची वेळ होईल तुमची.

डोमाजी : सूर्य कोठी हाय पाहा न, आत्ताशी डोक्यावर हाय. सातवा वाचा. त्यात इंग्रजीच जास्त हाय.

मास्तर : 'शी इज कॅरिंग.' ती... तिला दिवस गेले आहेत. ती पोटुशी आहे.

डोमाजी : असा अर्थ होते त्याचा?

मास्तर : होतो. पोटात बाळ वागवणे. खाली तिनं लिहिलं आहे, 'पंचफुला इज कॅरिंग. बाले हा अर्थ मास्तर सांगतील तवा तो लाजून पागोट्यानं तोंड पुसेल.'

डोमाजी : मास्तर, हा अर्थ तुम्ही काहून नाही सांगतला?

मास्तर : बापासमोर लेकीच्या अशा गोष्टी... संकोच वाटला.

डोमाजी : कोळशाच्या खाणीवर अर्धा घंटा बोलले, न् याचा संकोच? तुमाले तं मालूम होतं तिले दिवस हाय. बाईंनीच लुगड्याचा जुना मऊ तुकडा देलता दुपट्यासाठी. मी तुमच्याच पुढ्यात म्हणत होतो, आता आजा होतो मी, नातवाले पहिला शब्द इंग्रजी शिकवतो. त्या दिवशीही म्हणलो. तुम्ही मान खाली घातली. आज ध्यानात येऊन राह्यलं मले.

मास्तर : तुम्हाला उगाच वाटतं.

डोमाजी : बेस्तरवार होता तो. मी इथं या ओट्यावर बसून कोळशावर हासून राह्यलो होतो, अन् तिकडं सहा कोसावर माही पोरगी तापानं तडफडत होती. जिवंत होती, मास्तर. बोलत होती.

मास्तर : जिवंत? गुरुवारी जिवंत होती ती?

डोमाजी : शनिवारी गेली न. सूर्य निंगायच्या आंधी.

मास्तर : शनिवारी?

डोमाजी : काय झालं तुमाले? सोमवारी बाळंत झाली, मंगळवारी ताप भरला, शनिवारी गेली. इतवारी देवरावचा भाऊ पायी आला सांगाले. साऱ्या गावाले मालूम हाय.

विमलताई : याइले नाही मालूम. महिनाभर याइनं कोणाले काही पुसलंच नाही. वस्तीचा विषय निंघाला का उठून गोठ्यात जात.

मास्तर : विमल, तू आत जा.

विमलताई : नाही जात. डोमाजी, ते कार्ड कवा टाकलं म्हणते देवराव?

डोमाजी : मंगळवारी दुपारी, आर्णीच्या डब्यात. चालत गेला म्हणे. भाऊ तवा दूर मजुरीले गेलता म्हणे, इकडं धाडाले घरी दुसरं कोणी नव्हतं. बाई, झूटही कसं बोलावं याची अक्कल लागते. कांताबाई काय म्हणते मालूम हाय? म्हणे, 'मी सोताच्या हातानं कार्डाचा कोपरा फाडला, तरी कसं पोचलं नाही?'

विमलताई : कोपरा काहून फाडला?

डोमाजी : तिच्या जन्मात तिनं दोन-चारच कार्डं पाह्यली. तिच्या घरी कोपरा फाडलेलं कार्ड आलं का सारे हातातलं काम टाकून पळत सुटत. तं ती समजली का कोपरा फाडला म्हणजे घाईचं कार्ड. टपालवाले तसं कार्ड थांबवत नाही, पळवत नेतात. आता शेंबड्या पोराले मालूम हाय का फाटक्या कोपऱ्याचं कार्ड म्हणजे मौतीचं. माणूस गेल्यावरच कोपरा फाडतात, घरात ठेवत नाही, वाचलं का फाडून टाकतात. जित्या सुनेच्या कार्डाचा कोपरा कोणी फाडते का? म्हून मी समजलो, सारं बनवून सांगून राह्यले.

मास्तर : डोमाजी...

डोमाजी : काय?

मास्तर : मला थोडं पाणी दे, विमल.

विमलताई : पाणी मंग देतो. आंधी ते आणतो. तुमच्यानं काही होत नाही.

(विमलताई गोठ्याकडे जाते. वळचणीत खोचलेलं एक पोस्टकार्ड काढून आणते आणि डोमाजीसमोर ओट्यावर ठेवते. कार्डाचा एक कोपरा फाटलेला आहे.)

डोमाजी : हे काय हाय, बाई?

विमलताई : तुमचं हाय. त्या बेस्तरवारी सकाळी आलं. तुम्ही शिकाले आले त्याच्या आंधी.

मास्तर : द्या, मी वाचतो.

डोमाजी : हात नका लावू. मले वाचता येते.

मास्तर : उन्हात डोळ्यांना त्रास होईल...

डोमाजी : हात नका लावू म्हणलं न. 'जय... भीम. बाबा... सोमवारी मुलगी झाली. पं... पंचफुलाले ताप लय हाय. हात-पाय थंडे पडतात. आर्णीच्या डाक्तरनं सांगतलं, यव... यवतमाळले सरकारी दवाखान्यात न्या, सुई देली तं उतरेल. आमच्या गावात धर्म घेतल्यापासून कोणी बंडी देत नाही. ती म्हणते...'

विमलताई : राहू द्या, डोमाजी.

डोमाजी : '...ती म्हणते, बाले सांगा, पुंडलिकराव मास्तरची दमणी मांगून घेऊन ये. मास्तर माहे हाय, नाही म्हणणार नाही. वाट पाहून राह्यलो. देवराव.'

विमलताई : दमणी अंगणातच उभी होती त्या दिवशी. बैल दावणीले होते. पेंड खात होते.

मास्तर : मी वाचलं नव्हतं, डोमाजी. शपथ घेतो, एक अक्षर वाचलं नव्हतं. थैलीतून काढलं, कोपरा दिसला, गावाचं नाव दिसलं, तुमचं नाव दिसलं. मला वाटलं, गेली पोरगी. दुसऱ्याच्या मौतीचं कार्ड आपण वाचत नाही, घरात आणत नाही. मी ते वळचणीला खोचलं आणि आंघोळ केली.

विमलताई : मी म्हणलं होतं, वाचा तरी. कोण गेलं ते तरी पाहा, सासू हाय का सून हाय. हे म्हणे, 'बाटवू नको, ठेव बाहेर.'

डोमाजी : अन् मंग मी आलो.

मास्तर : तुम्ही आलात. हसत आलात. पाटी काखेत, पागोट्यात तुरीची शेंग खोचलेली. म्हणालात, 'आज कोणता शब्द?' मी मनाशी म्हणालो, गेलेली तर गेली. चार दिवस उशिरा कळलं म्हणून काय बिघडतं? तेवढे चार दिवस याचे सुखाचे जातील. एवढाच विचार होता, डोमाजी. तुम्हाला थोडं आणखी हसू द्यावं म्हणून मी दोन तास बोलत राहिलो.

डोमाजी : दोन घंट्यात दमणी आर्णीच्या पुढं गेली असती.

मास्तर : हो.

डोमाजी : दिवस बुडायच्या आत पोरीजवळ असतो मी. शुक्रवारी सकाळची मोटार भेटली असती. दुपारी यवतमाळ.

मास्तर : हो.

डोमाजी : तुम्ही मले सांगत होते, 'हा शब्द मुळात गाडीवरून आला. फार जुन्या लोकायच्या भाषेत गाडीले जवळपास असंच म्हणत, त्याच्यावरून कॅरी.' मी मनात घोकलं. घरी जाईपर्यंत घोकत गेलो, कॅरी म्हणजे मुळात गाडी, कॅरी म्हणजे मुळात गाडी. तुमच्या दमणीच्या बाजूनंच गेलो मी. बैलाच्या पाठीवर हात फिरवून गेलो.

मास्तर : मला काहीही बोला. शिव्या द्या. पण असं नका बोलू.

विमलताई : बोलू द्या त्यायले. खरं सांगायचं तं तुमाले नुसती दया नव्हती आली. सांगावा सांगणं आपलं काम नाही, असंही होतं पोटात. सांगाले जायचं कोणी? या घरातून आजवर मौतीची खबर कोणी उंबऱ्याबाहेर नेली हाय का? न्यायची तं डोमाजीनंच न्यायची. न् डोमाजीच्या घरची मौत असली तं कोणी न्यावी? याचं उत्तर तुमच्यापाशी नव्हतं, म्हणून कार्ड वळचणीले. अन् माह्यापाशी तरी कोठी होतं? मलेही पाय होते न. वस्ती काही परमुलखात नाही. मी काय केलं? कप बदलला.

डोमाजी : बाई, एक सांगतो. तुमाले न् मास्तरले, दोघायले सांगतो. बावीस वर्षं मी मौत नेली लोकायच्या गावोगावी. पायी. पावसाळ्यात नाल्याले पूर असला तरी नेली, सोताचं अंग तापलं असलं तरी नेली. गावाच्या बाहेर उभा राहून काठी आपटो, घुंगरं वाजली का लोक समजत. पण एक होतं. मी कधी कोणाले 'मेला' म्हणलं नाही. आमच्या बापानं शिकवलं होतं, 'मेला' म्हणायचं नाही, माणूस जाग्यावर बसते, चालणं सुधरत नाही त्याले. म्हणायचं, 'बिमार हाय, लवकर चाला.' तितल्या आशेवर माणूस वाट कापते. बावीस वर्षं हेच झूट नेलं मी. दुसरं काही नेलं नाही.

मास्तर : डोमाजी...

डोमाजी : तुम्ही तितलं झूट बोलले असते, मास्तर. 'डोमाजी, पोरगी बिमार हाय, लवकर चाल.' बस, तितलंच. ते खरं निंघालं असतं.

विमलताई : देवा.

मास्तर : मी येतो बैठकीला. सगळ्यांसमोर सांगतो. कार्ड माझ्याकडे होतं, मी दिलं नाही. देवरावचा दोष नाही. मला लोक काय करायचं ते करोत.

डोमाजी : अन् ते पुसतील, 'काहून नाही देलं?'

मास्तर : सांगेन. कोपरा फाटला होता म्हणून.

डोमाजी : मंग पुसतील, कोपरा कोणी फाडला?

मास्तर : कांताबाईनं.

डोमाजी : ते निंबाखाली बसून हाय न, मास्तर. कांताबाई सकाळपासून ज्याले त्याले सांगून राह्यली, 'मी कोपरा फाडला होता, मी कोपरा फाडला होता.' तिले वाटते, हीच तिची एक भलाई होती. जितला हात चालला तितलं केलं सुनेसाठी. तुम्ही कोपऱ्याचं नाव घेतलं का तिच्या ध्यानात येईल, तिनं काय केलं ते. ती म्हातारी एक दिवस नाही जगणार मंग. जगली तरी हात चालणार नाही तिचा. न् त्या हातानंच माही नातीण जिती हाय. माह्या घरी कोण हाय पाजाले? मी म्हातारा, बायको कवाची गेली.

विमलताई : मी पाजतो. मी आणतो तिले इथं.

डोमाजी : इतल्या वर्षांत कोनाड्यातला कप घरात आला नाही, बाई. लेकरू कसं येईल?

(विमलताई फुलाचा कप उचलते आणि पुन्हा डोमाजीसमोर ठेवते.)

डोमाजी : तुमाले टोचून नाही बोललो. जे हाय ते सांगतलं. आठवा अर्थ वाचा, मास्तर. राहून गेला.

मास्तर : आता?

डोमाजी : तिनं आठ लेहले हाय. सातावर कसं सोडू?

मास्तर : 'आवाज दूरवर जाणे.' वाक्य एकच आहे. 'बाचा आवाज लय कॅरी होते. तो शिवेवरून हाक मारते तं मले चुलीजवळ ऐकू येते.'

डोमाजी : त्या दिवशी नाही मारली हाक. द्या वही.

मास्तर : काय करणार तुम्ही?

डोमाजी : जातो. बैठकीच्या आंधीच वस्तीत पोचतो. उभा राहीन न् सांगीन, देवराव खरं बोलते. कार्ड आलतं. मास्तरनं मले त्याच दिवशी, हातात, देलं.

मास्तर : मी दिलं?

डोमाजी : तुमाले वाचवासाठी नाही. तुमचं तुमी पाहून घ्या, जितले दिवस हाय तितले. पण तुमचं नाव निंघालं का कोपरा निंघते. म्हणून मास्तरनं देलं. अन् मले वाचता आलं नाही.

विमलताई : डोमाजी, असं काहून म्हणता?

डोमाजी : म्हणीन, अक्षर बारीक होतं, जुळलं नाही. पुसाची लाज वाटली. दहा जणायचा मास्तर म्हणवतो, मंग पुसू कोणाले? खिशात ठेवलं न् राहून गेलं. कोपऱ्याकडं ध्यानच गेलं नाही, म्हणीन. हे लोकायले पटते, बाई. म्हाताऱ्याले वाचता येत नाही, हे लगेच पटते.

मास्तर : वस्तीतले ते दहा म्हातारे... ते पुन्हा येतील का तुमच्याकडे शिकायला?

डोमाजी : कायले येतील? ज्याले सोताच्या पोरीचं कार्ड वाचता आलं नाही, त्याच्यापाशी कोण पाटी घेऊन येते? बंद पडेल ते. तिनं लेहलं, कॅरी ऑन ठेवजो. तेही नाही झालं.

मास्तर : आणि देवराव? त्याला तर खरं कळायला हवं.

डोमाजी : त्याले इतलंच कळलं पाह्यजे, का तो झूटा नाही. त्याले पाणी द्या लागते आंधी. कवाचे तहानेले बसून हाय. तान्हीचा आवाज येऊन राह्यला, ऐकलं का? इथपर्यंत येते.

विमलताई : चहा तसाच राह्यला तुमचा.

डोमाजी : राहू द्या. कप घरात न्या आपला. न् ही डिक्सनरी ठेवा, मास्तर, तुमचीच हाय. 'डी'पासून पुढं कोरी हाय ती. तिनं पानं उघडली नाही. मी नाही उघडत.

मास्तर : डोमाजी, थांबा. कार्ड. कार्ड तरी घेऊन जा.

डोमाजी : मौतीचं कार्ड घरात ठेवत नाही, मास्तर. वाचलं का फाडून टाकतात. वाचलं मी.

मास्तर : तुम्हाला वाचता येतं, डोमाजी. हे मी तुम्हाला कसं विसरू देऊ? घडाघडा वाचलंत तुम्ही आत्ता. सगळं.

डोमाजी : हो. पंचफुलानं शिकवलं होतं.